भिंतीवरचे बटण कोणाच्या मालकीचे?

विजेचे बटण ही वस्तू इतकी साधी की तिच्याविषयी पक्षपत्रात लेख लिहिण्याची वेळ येईल असे कोणास वाटले नसते. पितळी पट्टी, एक स्प्रिंग, दोन स्क्रू. खाली दाबले की दिवा लागला, वर केले की मालवला. दुकानात पैसे मोजले की त्या बटणाशी कारखानदाराचा संबंध संपत असे. मक्तेदार भांडवलाने आता हा संबंध संपूच द्यायचा नाही असे ठरवले आहे.

'स्मार्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बटणाच्या पोटात वायफायची जोडणी असलेला एक चिमुकला संगणक असतो. ग्राहक आपल्या फोनवरून दिवा लावू पाहतो तेव्हा अशा बहुसंख्य बटणांच्या बाबतीत ती आज्ञा घराबाहेर पडून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून परत येऊन चार हातांवरचा दिवा लावते. चिपच्या स्मृतीत साठवलेली जी आज्ञावली हे सारे घडवते तिला फर्मवेअर म्हणतात. (या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्यात मी एक संबंध संध्याकाळ दवडली. 'दृढप्रणाली' असे लिहिले आणि खोडले. वायरमन साथी जो शब्द वापरतात तोच बरा.) बटणाचे प्लास्टिक ग्राहकाचे, विजेचे बिल ग्राहकाचे, पण फर्मवेअर मात्र कंपनीचे! मालकीचा प्रश्न येथेच निकालात निघतो.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर घडलेल्या गोष्टी पाहाव्यात. घरातील दिवे व उपकरणे चालवणारे 'रिव्हॉल्व्ह' नावाचे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र अमेरिकेत विकले जात होते. गूगलच्या मालकीच्या 'नेस्ट'ने २०१४ मध्ये ती कंपनी गिळली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांच्या घरातील चालती यंत्रे एका दिवसात निरुपयोगी झाली. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन' या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय थांबले. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली, तेव्हा कोठे गाडी रुळावर आली. बेल्किनने २०२५ मध्ये जाहीर केले की आपल्या बहुतेक 'वेमो' उपकरणांची सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून बंद होईल. त्यांत भिंतीवरची बटणेही होती. यांपैकी एकाही वेळी यंत्र बिघडले नव्हते. बिघडला होता तो नफ्याचा हिशेब.

या मुजोरीला उत्तर म्हणून जगभरच्या तंत्रज्ञांनी कंपनीचे फर्मवेअर पुसून तेथे आपले फर्मवेअर घालण्याचा मार्ग काढला. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची 'ईएसपी८२६६' ही स्वस्त चिप २०१४ पासून असंख्य उपकरणांत बसवली गेली. तिच्यासाठी थिओ अरेंड्स या डच प्रोग्रामरने आरंभलेले 'टास्मोटा' आज कोणालाही मोफत मिळते, त्याची आज्ञावली वाचता येते, बदलता येते. ते घातलेले बटण घरातल्या घरातच आज्ञा घेते, सर्व्हरची गरजच उरत नाही. कृतीही वायरमनच्या आवाक्यातली आहे. बटण भिंतीतून काढायचे, चिपच्या चार टोकांना तारा जोडायच्या, ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल जोड लावायचा, एक ठरावीक टोक 'ग्राउंड'शी जुळवून वीज द्यायची, की चिप नवी आज्ञावली स्वीकारण्यास तयार होते. मात्र एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. या बटणांतील 'ग्राउंड' अनेकदा थेट २३० व्होल्टच्या पुरवठ्याशी जोडलेले असते. भिंतीच्या तारा जोडलेल्या असताना संगणक लावणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण आहे.

कंपन्या म्हणतात, फर्मवेअर कुलूपबंद ठेवतो ते ग्राहकाच्या सुरक्षेसाठी. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लायपझिग येथील संगणकतज्ज्ञांच्या मेळाव्यात 'तुया' या चिनी कंपनीच्या व्यवस्थेतील ढिलाई उघड झाली. त्याच फटीतून भिंतीवरचे बटण न उघडता फर्मवेअर बदलण्याचे साधन निघाले. पुढे कंपनीने फट बुजवली. फट बुजवणे योग्यच होते, चोरही तेथूनच शिरला असता. पण मालकासाठी दार का ठेवले नाही? ठेवता येत नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण 'सोनऑफ'ने आपल्या काही उपकरणांत ग्राहकाला स्वतःचे फर्मवेअर घालण्याची अधिकृत सोय दिली आहे. म्हणजे अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

आता आपल्याच एका ज्येष्ठ साथींच्या आक्षेपाकडे वळतो. ते म्हणाले, 'ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली खेळणी; कष्टकऱ्याचा याच्याशी काय संबंध?' त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगावेसे वाटते की हा दृष्टिकोन आत्मघातकी आहे. हेच कुलूप आज दिवाणखान्यात आहे, उद्या ते शेतातल्या पंपावर आणि कारखान्यातल्या यंत्रावर असेल. किंबहुना ते दारात येऊन ठेपलेच आहे. २०२१ च्या केंद्रीय योजनेने २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि रिचार्ज संपताच दुरून वीज तोडण्याची सोय त्या मीटरमध्येच आहे. मीटरविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांनी बटणाला खेळणे म्हणावे हे विसंगत नाही काय?

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. तरुण साथींपैकी काहींना वाटते की प्रत्येकाने आपापले बटण मोकळे केले म्हणजे झाले. स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेकट्याने केलेली सुटका ही सुटका खरी, पण कंपनी पुढच्या मालात चिप बदलते आणि सारी खटपट पुन्हा आरंभापासून. हक्क कायद्यात आला पाहिजे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्काचे' पोर्टल सुरू केले, परंतु पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. सेवा बंद करणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी फर्मवेअरची किल्ली ग्राहकांच्या हाती दिली पाहिजे, अशी स्पष्ट मागणी आपण लावून धरली पाहिजे.

हा लेख लिहिण्यास कारण झाले ती तीन बटणे दिल्लीत वायरमनचे काम करणाऱ्या एका मराठी साथीने आणून दिली. ॲप बंद पडल्यामुळे एका बंगल्यातून ती कचऱ्यात गेली होती. लाजपतराय मार्केटमधून आणलेल्या जोडाच्या साहाय्याने त्याने दोन जिवंत केली. ती आता आमच्या कार्यालयाच्या जिन्यात आहेत. तिसऱ्यात वेगळ्या कंपनीची चिप निघाली, तिला ही रीत लागू पडत नाही. ज्या वायरमन साथींनी असे काम केले असेल त्यांनी आपला अनुभव, चिपवरील अक्षरांसह, संपादकांकडे लिहून पाठवावा.