बालपुस्तकांचे परीक्षक कोणासाठी लिहितात?

गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्यात रविवारी सकाळी आठ-दहा मुले पुस्तके वाचायला जमतात. सोय साधीच आहे. एक चटई, एक पत्र्याची पेटी आणि पेटीत साठ-सत्तर पुस्तके. ही पुस्तके आम्ही निवडतो ती वर्तमानपत्रांत आणि मासिकांत त्यांच्याविषयी जे छापून येते, ते वाचून. मागच्या उन्हाळ्यात असाच एक कथासंग्रह मागवला. पुस्तक संस्कारक्षम आहे, व्यसनमुक्तीचा संदेश हसतखेळत देते, प्रत्येक घरात असायला हवे, असे परीक्षणात म्हटले होते. त्यातल्या एका गोष्टीत नातू आजोबांची बिडी लपवतो. शेवटी आजोबा कान धरतात आणि सांगतात, की बिडी ओढणारा जितका वाईट, तितकाच ती बनवणाराही वाईट. सातवीतल्या एका मुलीने ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. पुस्तक मिटून तिने विचारले, "सर, तो हमारी अम्मी गलत काम करती क्या?"

तिची अम्मी बिड्या वळते. तेंदूपत्ता भिजवायचा, मापाने कापायचा, जर्दा भरून वळायचा, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. सट्टेदार मोजून घेताना छाट काढतो. छाट म्हणून बाजूला पडलेल्या बिड्यांची मजुरी बुडते. या मजुरीतून त्या मुलीच्या वह्या येतात. गोंदिया-भंडाऱ्यात अशी घरे एका जातीची नाहीत की एका धर्माची नाहीत. बिडी आरोग्याला वाईट, हे आम्हांला कुणी शिकवायला नको. ती वळणाऱ्या बाईच्या छातीत तंबाखूची धूळ आधी जाते, हे आम्ही घरातच पाहतो. पण मुलीच्या प्रश्नाला आम्हांला उत्तर देता आले नाही, आणि राग आला तो लेखकापेक्षा परीक्षकाचा. लेखकाला कदाचित हे घर ठाऊक नसेल. परीक्षकाचे काम तर ठाऊक नसलेले दाखवून देण्याचे होते. त्याने ती गोष्ट वाचली असेल तर त्याला त्यात काही खटकले कसे नाही? आणि वाचली नसेल तर प्रत्येक घरात पुस्तक असावे, हे त्याने कोणत्या घरांना विचारून लिहिले?

बालपुस्तकांची परीक्षणे आम्ही काही वर्षे कात्रणे काढून ठेवत आलो आहोत. ती एकाखाली एक वाचली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. पुस्तकाचे नाव बदलले तरी परीक्षण तेच राहते. भाषा सोपी व ओघवती, चित्रे आकर्षक, छपाई सुबक, कथेतून नकळत होणारे संस्कार, बालवाचक निश्चित स्वागत करतील. त्या बालवाचकांपैकी एकाला तरी पुस्तक देऊन पाहिले काय? कोणत्या पानावर मूल हसले, कोणत्या पानावर कंटाळून उठून गेले, याचा पत्ता नसतो. पुस्तक सहा वर्षांच्या मुलासाठी आहे की चौदा वर्षांच्या, हेदेखील पुष्कळदा सांगितलेले नसते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींची तर फारच आबाळ. त्यांच्या मनात जे चालते ते पुस्तकात आले की परीक्षक बिचकतो आणि नाही आले की त्याला पुस्तक स्वच्छ वाटते. ही परीक्षणेही मुलांची आठवण येईल तेव्हाच छापतात, म्हणजे मे महिन्याच्या सुटीत, बालदिनाला आणि दिवाळीत.

कोणी म्हणेल, परीक्षणाला एवढे महत्त्व कशाला? पुण्या-मुंबईत कदाचित नसेल. तिथे पालक दुकानात जाऊन पुस्तक चाळून घेतात. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तालुके आठ. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या शिक्षकाला मराठी बालपुस्तक हातात धरून, पाने उलटून निवडायचे तर नागपूर गाठावे लागते. समग्र शिक्षा योजनेतून २०१८ पासून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळू लागले. एवढ्या पैशांत किती पुस्तके येतात हे कुणीही हिशेब करून पाहावे. त्या मोजक्या पुस्तकांतले एक जरी पोकळ निघाले तरी ते वर्षभर कपाटात बसते आणि दुसऱ्याची जागा अडवते. म्हणून लांबच्या गावातल्या शिक्षकाला आणि ग्रंथपालाला परीक्षण हेच डोळे असतात. हे डोळे मिटलेले असतील तर त्याची किंमत मूल मोजते.

परीक्षणाची जागा आता पुरस्काराने घेतली आहे. राज्य शासन बालवाङ्मयाला पुरस्कार देते; त्यांना बालकवी, साने गुरुजी, भा. रा. भागवत यांची नावे आहेत. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते. त्या पहिल्या वर्षी मराठीत तो अनिल अवचटांना मिळाला. पुरस्कारांना आमचा विरोध नाही. पण पुरस्कार म्हणजे निकाल, आणि परीक्षण म्हणजे त्या निकालामागचा युक्तिवाद. युक्तिवाद न ऐकता निकाल मान्य करायची सवय आम्हां वाचकांना लागली आहे, तीही मोडली पाहिजे.

आता जे या पानांवर बोललेच पाहिजे, त्याकडे येतो. मराठी बालपुस्तकांत मुसलमान कुठे भेटतो? इतिहासाच्या गोष्टीत अफजलखान भेटतो, शाइस्ताखान भेटतो. ते इतिहासात होते, ते गोष्टीतून काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. पण महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखानही इतिहासातच होता, त्यांच्या पदरी असलेला काझी हैदरही इतिहासातच होता. मुलांसाठी शिवचरित्र लिहिताना हे दोघे गळाले, तर परीक्षणात एक ओळ का येऊ नये? वर्तमानातल्या गोष्टीत आम्ही भेटतो ते ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी घेऊन. वाटी देऊन झाली की गोष्टीतले आमचे काम संपते. परीक्षक लिहितो, राष्ट्रीय एकात्मतेचा सुंदर संदेश. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत हा माणूस काय करतो, त्याच्या मुलाला गणित जमते की नाही, तो कुणाशी भांडतो, त्याला पोहायला येते का, हे कुणी विचारत नाही.

एका पुस्तकातले असेच एक चाचा "हम तुमको बोलता है" अशा थाटात बोलतात. आमच्या बैठकीतला एक नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "ऐसा कौन बोलता सर?" त्याचे अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकतात. गिऱ्हाइकाशी झाडीबोलीत बोलतात, घरी हिंदीत. मुलगा शाळेत मराठीत शिकतो, संध्याकाळी मदरशात अरबी हरफ गिरवतो. चार भाषांत वावरणाऱ्या त्या पोराला चाचांची भाषा खोटी आहे हे एका वाक्यात कळले. त्याच पुस्तकाच्या परीक्षणात संवाद जिवंत उतरल्याचे लिहिले होते.

हे रडगाणे फक्त आमचे नाही. अमेरिकेत १९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी आधीच्या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तके तपासली. कृष्णवर्णीय माणूस दिसला तो ३४९ पुस्तकांत. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली मोजले, तेव्हा सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची १८ निघाली. ते केंद्र त्यानंतर मोजतच राहिले. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटले, की पुस्तक मुलासाठी आरसाही असते आणि खिडकीही. म्हणजे ते आपले तोंड दाखवते आणि शेजाऱ्याचे घरही दाखवते. या लोकांनी नुसती तक्रार केली नाही, पुस्तके पुढ्यात घेऊन आकडे मांडले. मराठीत गेल्या वर्षी आलेल्या बालपुस्तकांत मुसलमान, आदिवासी, बिडीकामगारांची मुले किती, हे मोजायला मोठी विद्यापीठे लागत नाहीत. चार परीक्षक आणि एक वही पुरते.

कोणी म्हणेल, मुसलमान परीक्षकाला पुस्तकात फक्त मुसलमानच दिसतो. तसे नाही. आमच्या पेटीत पक्ष्यांवरचे एक पुस्तक आहे. त्यात सारस झाडाच्या फांदीवर बसलेला दाखवला आहे. आमगावकडून सुटीत आलेल्या एका मुलाने चित्र पाहताच सांगितले की हे चूक आहे, सारस झाडावर बसत नाही, धानाच्या बांधीत किंवा उथळ पाण्यात घरटे करतो. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच भागात. त्या मुलाने ते शेतात पाहिले होते. तसेच मोहफुले पहाटे वेचतात आणि तेंदूपत्ता ऐन उन्हाळ्यात तोडतात, हे नवेगाव-नागझिऱ्याच्या भोवतीच्या मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. जंगलावरचे बालपुस्तक या मुलांकडून वाचून घेतले तर किती चुका छापण्याआधीच कळतील! पण निसर्गवर्णन चित्रदर्शी आहे, हे प्रमाणपत्र शहरातल्या टेबलावर लिहिले जाते.

इथवर दुसऱ्यांची झाडाझडती घेतली. आता आपल्या घराची. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० साली सोलापूरच्या संमेलनापासून बोलती झाली. कविता, कथा, आत्मकथन, वैचारिक लेखन यांवर आपण भरपूर लिहिले. बालपुस्तकांवर किती पाने दिली? आणि दिली तेव्हा काय लिहिले? लेखक आपला असला की पुस्तक चांगले. हेही परीक्षण नव्हे, ही भाईबंदकी. सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या पुस्तकाला २०१९ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आम्हांला अतोनात आनंद झाला, एकमेकांना मुबारकबादचे निरोप गेले. पण आमच्या मित्रमंडळात ते पुस्तक वाचून अभिनंदन करणारे किती होते? आम्ही स्वतः ते निरोप आधी पाठवले आणि पुस्तक नंतर मागवले, हे कबूल करतो. लेखकाला हारापेक्षा वाचक हवा असतो.

आपल्यात दुसरा परीक्षक आहे तो दीनी तराजू घेऊन बसतो. गोष्टीत नमाजीची शिकवण आहे का, नसेल तर गोष्ट कशाला? परी आली, बोलणारा प्राणी आला की त्याच्या कपाळाला आठी. या परीक्षकाला आम्ही डॉ. झाकीर हुसेन यांची आठवण देतो. जामियाचा कारभार वाहणारा, पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेला हा माणूस मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' लिहून गेला. त्यातली बकरी दाव्याला बांधून राहण्यापेक्षा डोंगर पसंत करते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे पडते. कुठे उपदेश नाही. मुलाला जे घ्यायचे ते मूल घेते. प्रेमचंदांच्या १९३३ च्या 'ईदगाह'मधला हामिद मेळ्यात खेळणे सोडून आजीसाठी चिमटा घेतो, तेव्हाही लेखक मध्ये येऊन भाषण करत नाही. आपल्याच वाड्यात एवढी श्रीमंती असताना मुलांच्या हातात फक्त उपदेशाच्या पुस्तिका देणे आणि त्यांचीच वाखाणणी करणे, हा मुलांवर अन्याय आहे.

परीक्षकमित्र म्हणतात, बालसाहित्याकडे वळणारे लेखक आधीच थोडे, त्यांना टीकेने नाउमेद करू नका. आम्ही धानाच्या मुलखातले. पेरणीआधी शहाणा शेतकरी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणा वर तरंगतो, तो काढून टाकतात. भरलेला तळाशी बसतो, तो धुऊन पेरतात. यात धानाचा अपमान झाला असे कुणी म्हणत नाही. तरंगणारा दाणाही कौतुकाने पेरला तर बांधी रिकामी राहते, आणि तेव्हा दोष पावसाला देऊन भागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. परीक्षकाने पुस्तक निदान दोन मुलांना वाचायला द्यावे आणि ती काय म्हणाली ते लिहावे. कोणत्या वयासाठी आहे ते सांगावे. चूक दाखवताना पान सांगावे, कौतुक करतानाही सांगावे. लेखक वा प्रकाशक मित्र असेल तर तसे नमूद करावे. गोष्टीत कोण आहे आणि कोण नाही, हे दर वेळी पाहावे. संपादकांनी या कामाला जागा द्यावी आणि मानधनही द्यावे. फुकटच्या प्रतीवर फुकटचेच लिहिले जाते. आणि या वार्षिकाने दर अंकात काही पाने मुलांनी लिहिलेल्या परीक्षणांना राखून ठेवावीत.

सुरुवात आम्ही केली आहे. बिडीची गोष्ट वाचणाऱ्या त्या मुलीला आम्ही एक वही दिली आणि म्हटले, पुस्तकाबद्दल जे वाटते ते लिही. तिने पाऊण पान लिहिले. गोष्ट कुठे आवडली ते लिहिले. आजोबांचे कान धरणे आवडले, कारण मोठे लोक कधी कान धरत नाहीत. मग लिहिले, की लेखकाने एकदा आमच्या घरी यावे, अम्मीजवळ बसून एक शेकडा वळून पाहावे आणि मग शेवट पुन्हा लिहावा. इतके स्पष्ट परीक्षण आमच्या कात्रणांत एकही नाही. तिचे पान आम्ही या लेखासोबत संपादकांकडे पाठवत आहोत. ते छापावे, आणि शुद्धलेखनापलीकडे त्यात काही दुरुस्त करू नये.