मनगटावरचा आकडा

दोन-अडीच हजार रुपयांचे स्मार्टवॉच आता शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या मनगटावरही दिसू लागले आहे. त्यात गैर काही नाही. दिवसभर खुर्चीला खिळलेला माणूस हौसेने का होईना, थोडा अधिक चालला तर पैसे वसूल झाले. (दहा हजार पावलांचा दंडक मात्र वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नव्हे, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मान्पो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून तो रूढ झाला.) स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीचे ठोकेही हिरव्या प्रकाशाच्या साह्याने ते बऱ्यापैकी मोजते.

प्रश्न पुढचा आहे. काही घड्याळे सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा करतात. असे एकही घड्याळ आपण मान्य केलेले नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले होते. अशा आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा ठरविणे हा जिवाशी खेळ होय. मधुमेहाचे कोट्यवधी रुग्ण असलेल्या आपल्या देशात असला माल बाजारात येण्यापूर्वीच अडविला गेला पाहिजे. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘वैद्यकीय उपयोगासाठी नाही’ एवढे छापून विक्रेत्याची सुटका होता कामा नये.