स्वागत जूनमध्ये, परतणे एप्रिलमध्ये

जूनच्या मध्यावर मंगळवेढ्याच्या बाजारपेठेत वह्या, दप्तरे आणि गणवेश यांच्या खरेदीला जोर चढतो. शाळेच्या दारी तोरण बांधले जाते, प्रभातफेरी निघते, नवागतांच्या हाती गुलाबाचे फूल आणि नवी पुस्तके दिली जातात. या आनंदाविषयी कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु या सोहळ्यात एक प्रश्न दरवर्षी विचारायचा राहून जातो. ज्या मुलाला शाळेत परतताना आधाराची सर्वाधिक गरज असते, ते मूल खरोखरच जूनमध्ये परतते का?

ते परतते मार्च-एप्रिलमध्ये. आणि त्या वेळी शाळेच्या दारी तोरण नसते.

मंगळवेढा तालुक्याला दोन चेहरे आहेत. एकीकडे भीमाकाठचा ऊस, संत दामाजींच्या नावाने चालणारा सहकारी साखर कारखाना आणि भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी. दुसरीकडे पावसाच्या भरवशावर जगणारी दक्षिणेची कोरडवाहू गावे. दिवाळीच्या आगेमागे या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि त्याच सुमारास परमुलखातल्या टोळ्या तालुक्यातल्या फडांवर येऊन कोप्या बांधतात. एकच तालुका काही मुलांना निरोप देतो आणि काहींना आश्रय देतो. दोन्हीकडच्या मुलांची शाळा मात्र सारखीच सुटते. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. तेव्हा तान्ह्याला सांभाळण्याचे काम साहजिकच आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे येते.

अशा मुलाचे संपूर्ण दुसरे सत्र बुडते. भागाकार, अपूर्णांक, परिच्छेद वाचून अर्थ सांगणे, हे सारे वर्गात शिकवले जात असताना ते फडावर वाढे गोळा करत असते. गावी परतल्यावर त्याचे स्वागत करते ती वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका! राज्य शासनाने 2023 साली नियम बदलला. त्यानुसार पाचवी आणि आठवीच्या वर्षअखेरीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर ते त्याच वर्गात राहते. गुणवत्तेचा आग्रह योग्यच आहे. पण जे शिकवलेच गेले नाही, त्याची परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवणे, ही गुणवत्ता की न शिकवणाऱ्यांनी न शिकलेल्याला केलेली शिक्षा?

"पालकांनाच शिक्षणाची आस्था नाही," हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. मुकादमाकडून उचल घेतलेला माणूस हंगाम सोडून येऊ शकत नाही. एका दिवसाच्या खाड्याचाही हिशेब त्याच्या माथी बसतो. त्याच्या नाइलाजाला अनास्था म्हणणे, हे ज्यांच्या मुलांची शाळा कधीच बुडत नाही, त्यांनाच शोभते.

कायद्यात उणीव आहे, असेही नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण देऊ केले आहे. स्थलांतरितांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. साखरशाळांचे प्रयोग झाले, हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षण हमी कार्डे आली. 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजनाही मंजूर झाली. परंतु वसतिगृहात मुलगा ठेवणारी आई मुलीला मागे ठेवायला धजत नाही, आणि तिची भीती निराधार नसते. शेवटी पटावर नाव असलेली मुलगी वर्गात नसते आणि ती कोठे आहे, हेही कोणाला ठाऊक नसते.

याच मंगळवेढ्यात 1338 साली गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखामेळा यांना मृत्यू आला. त्या ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी ओळखून काढण्यासाठी नामदेव महाराज स्वतः आले, असे परंपरा सांगते. राबताना दबून गेलेल्या माणसाचा शोध घेणे, त्याला नावानिशी ओळखणे, हा या भूमीचा संस्कार आहे. तो सांगणाऱ्या गावाला आपल्या शाळेतले कोणते मूल कोणत्या फडावर आहे, हे ठाऊक नसावे?

तेव्हा मुलाला शाळेसाठी तयार करणे म्हणजे नेमके काय, याचा विचार तोरणापलीकडे जाऊन व्हायला हवा. मूल परतले की पहिल्या दिवशी त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका टाकण्याऐवजी कोणीतरी त्याच्याजवळ बसले पाहिजे. त्याने कोणती गावे पाहिली, दिवसाला किती मोळ्या झाल्या, गाडीत किती टन ऊस मावतो, हे त्याला विचारावे. वर्गात बसून न मिळालेले बरेच गणित त्याला फडावर उमगलेले असते; त्यालाच धरून पाटीवरच्या गणिताकडे नेता येते. वाचताना ते कोणत्या जोडाक्षरापाशी अडते ते पाहावे आणि तेथूनच प्रारंभ करावा, मग पुस्तक पहिलीचे का असेना! निरक्षर आईलाही "आज काय वाचलेस, मला वाचून दाखव," एवढे सांगता येते. आणि त्या एका वाक्याने घरात अभ्यासाला मान मिळतो. डोळे, त्वचा आणि रक्तक्षय यांची तपासणी करून घ्यावी. जून उजाडताच जुन्या मित्राशेजारी त्याची जागा ठरलेली असावी. आणि 'ऊसतोड्याचा पोरगा' हा शब्द वर्गात कोणाच्याही तोंडून निघू नये.

एप्रिल ते मध्य जून, रोज दीड तास. एवढ्याने पाच महिन्यांची तूट सगळी भरून निघणार नाही. पण मूल जूनमध्ये मान खाली घालून वर्गात शिरणार नाही. शिक्षकांना उन्हाळी सुट्टी असते आणि त्यांच्यावर अशैक्षणिक कामांचा बोजाही असतो, हे खरे आहे. म्हणूनच हे काम केवळ त्यांचे नाही. गावात निवृत्त गुरुजी आहेत, सुट्टीवर आलेले महाविद्यालयीन तरुण आहेत, देवळाचा सभामंडप आहे. उणीव आहे ती पुढाकाराची.

पंधराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी भुकेलेल्यांसाठी सरकारी धान्यकोठार उघडले, ते बिदरच्या हुकमाची वाट न पाहता, ही कथा इथल्या घराघरात सांगितली जाते. आज एप्रिल-मेमध्ये शाळेच्या दाराला कुलूप असते आणि बाहेर पाच महिन्यांची भूक घेऊन मुले उभी असतात. परिपत्रक येईल, निधी येईल, आदेश येईल, म्हणून थांबायचे, की किल्ली हाती घ्यायची, हे दामाजींच्या गावाला वेगळे सांगावे लागू नये.