घरची इमर्जन्सी लाईट घरच्या बाईनेच जोडावी



पावसाळ्यात लाईट जाणार, हे आपण धरूनच चालतो. सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना तर २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै वेगळा सांगायला नको. पाणी चढू लागलं की वीज बंद करावी लागते आणि पुढच्या रात्री कशा काढायच्या, हे घरातल्या बाईलाच बघावं लागतं. तरी बऱ्याच घरांत तयारी म्हणजे फडताळातली मेणबत्ती आणि कोपऱ्यात पडलेली, बटण दाबलं की दोन मिनिटं मिणमिणणारी बाजारची लाईट. माझं मत सरळ आहे: ही लाईट आपण स्वतः जोडायला शिकावी.

आधी मेणबत्तीचं बोलू. पावसाळ्यात उघड्या ज्योतीवर पाखरं, चिलटं येऊन पडतात. दिवसभर पाणी गाळायचं, धान्य निवडायचं, पाऊल जपून टाकायचं आणि रात्री घरात ज्योत उघडी ठेवायची, हे मला पटत नाही. शिवाय पडदे आहेत, लहान मुलं आहेत. एलईडीकडे किडे येत नाहीत असं नाही. पण पांढऱ्याशुभ्र उजेडाकडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडे कमी, आणि ज्योत नसल्याने जळून मरत नाहीत. म्हणून पट्टी पिवळसर घ्यावी आणि तिचं तोंड जमिनीकडे करावं.

बाजारची लाईट लवकर का जाते? तिच्यात अनेकदा शिशाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी होऊन तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग ती चार्जच होत नाही. स्वस्त लाईटमध्ये चार्जिंग नीट थांबवायची सोयही नसते, त्यामुळे सतत लावून ठेवली तरी बिघडते. खोकं उघडून बॅटरी बदलायचं सुचत नाही, म्हणून आपण अख्खी वस्तू टाकून नवी आणतो. घरात नको इतक्या वस्तू साठवू नयेत म्हणणाऱ्या आपण, दर दोन वर्षांनी एक दिवा कचऱ्यात टाकतो.

मग इन्व्हर्टर घ्यावा का? ऐपत असेल तर जरूर घ्या. पण आपली जेवणं सूर्यास्ताच्या आत होतात, स्वयंपाकघर आवरलेलं असतं. रात्री उजेड लागतो तो सासूबाईंना न्हाणीघरापर्यंत जायला, जिना उतरायला, मुलांच्या पुस्तकापुरता. एवढ्याला ५ वॅट पुरतात.

सामान असं लागतं: यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी, तिच्यासाठी १३.८ व्होल्टचा तयार चार्जर, १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर, १२ व्होल्टचा रिले, ३ अँपिअरचा फ्यूज, एक बटण आणि ५ वॅटची एलईडी पट्टी. माझं सगळं दोन हजारांच्या आत आलं. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरायची ठरवली, तरी पट्टी आठ तास चालते. पुरात चार रात्री वीज आली नाही, तर रोज दोन तास मिळतात.

रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. ॲडॅप्टरची वीज मिळते तोवर तो पट्टीचा रस्ता तोडून धरतो. लाईट गेली की तो सुटतो आणि पट्टी बॅटरीला जोडली जाते. अंधारात चाचपडत कुणाला उठावं लागत नाही. मात्र रिलेला वीज त्या वेगळ्या ॲडॅप्टरचीच द्यायची. चार्जरच्या तारांवरून दिली तर लाईट गेल्यावरही बॅटरीच रिलेला धरून ठेवते आणि दिवा लागत नाही. पट्टीच्या तारेत बटण हवंच, म्हणजे सगळे झोपल्यावर बंद करता येतं. सामायिकाला बसायच्या खोलीत मात्र आपोआप लागणारा दिवा ठेवू नये.

दोन गोष्टींत हयगय नको. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगला हात लावायचा नाही. चार्जर आणि ॲडॅप्टर तयार घेऊन सॉकेटला लावायचे, आपलं काम १२ व्होल्टच्या बाजूचं. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला लागूनच बसवायचा. तारा एकमेकींना चिकटल्या तर एवढीशी बॅटरीही तार लालभडक तापवू शकते. पेटी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्या, तिला हवेला भोकं ठेवा.

"हे काय बायकांचं काम आहे?" असं मलाही ऐकावं लागलं. मला विचाराल तर हे बायकांचंच काम आहे. लाईट जाते तेव्हा घरात कोण असतं? म्हातारी माणसं, मुलं आणि आपण. फ्यूज उडाला तर पुरुष माणूस येईपर्यंत अंधारात बसायचं का? शिलाई मशीनचा पट्टा बदलणाऱ्या, कुकरची शिट्टी साफ करणाऱ्या हातांना सहा तारा जोडणं जड नाही. पहिल्यांदा ओळखीच्या वायरमनला शेजारी बसवा, पण जोडा तुम्हीच. स्वतः जोडलेली वस्तू बिघडली की कुठे बघायचं ते कळतं, आणि बॅटरी थकली की जुनी दुकानात परत देऊन तेवढीच नवी आणता येते.

महिन्यातल्या एका चतुर्दशीला, स्वयंपाकाचा व्याप कमी असतो तेव्हा, ॲडॅप्टर आणि चार्जर दोन्ही काढून दिवा अर्धा तास लावून बघावा आणि मग दोन्ही पुन्हा जोडून रात्रभर चार्ज करावा. चातुर्मास सुरू व्हायच्या आत एक तरी दिवा जोडून ठेवा, आणि लेकीला किंवा सुनेला शेजारी बसवून जोडा.