शॉर्टकटांचे औचित्य

ब्राउझरमध्ये लिहिता लिहिता भलतीच कळ दाबली जावी आणि डोळ्यांदेखत पान नाहीसे व्हावे, हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांनाही आता अपरिचित राहिलेला नाही. परीक्षणे, टिपणे, विद्यार्थ्यांच्या निबंधांवरील अभिप्राय असे बरेचसे लेखन ब्राउझरच्या चौकटीतच होऊ लागले आहे. या अपघातांवर सहसा एकच उपदेश ऐकू येतो : जपून लिहा. आमच्या मते हा उपदेश अपुरा तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे. कारण तो रचनेतला दोष लिहिणाऱ्याच्या बोटांवर ढकलतो.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हा अन्याय अधिकच जाणवतो. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेला इन्स्क्रिप्ट कळफलक पाहा. इंग्रजी डब्ल्यूच्या जागी शिफ्टसह ‘ऐ’ उमटतो, आरच्या जागी ‘ई’, एनच्या जागी ‘ळ’, पीच्या जागी ‘झ’. बहुतेक कळफलकांवर शिफ्टच्या लगेच खाली कंट्रोल असते. बोट तेवढे घसरले की ‘ऐतिहासिक’ लिहू पाहणाऱ्याचा टॅबच मिटतो, ‘ईर्षा’ लिहिणाऱ्याचे पान नव्याने लोड होते, ‘काळ’ लिहिताना एक कोरी खिडकी पुढ्यात येते आणि ‘झाड’ लिहिताना छपाईची चौकट. इंग्रजीत शिफ्ट मुख्यतः वाक्यारंभी आणि विशेषनामांसाठी लागते. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र अ, आ, ख, ण, श, ळ यांतल्या प्रत्येक अक्षरासाठी ती लागते. म्हणजे घसरण्याचे प्रसंगही त्याच प्रमाणात वाढतात.

यांतल्या सर्वच घसरणी सारख्या नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. कोरी खिडकी बंद करता येते, छपाईची चौकट रद्द करता येते. लिहिलेला मजकूर गेला तर तो जसाच्या तसा पुन्हा सुचत नाही. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चे’त गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. दागिना खरा, जागा चुकीची. नाश करणारी आज्ञा आणि अक्षर उमटवणारी कळ यांच्यात एका बोटाचेच अंतर ठेवणे, हा आमच्या दृष्टीने त्याच जातीचा अनौचित्यदोष होय.

हा दोष अटळ नाही, याला पुरावा आहे. बरीच वर्षे बॅकस्पेस दाबले की ब्राउझर मागच्या पानावर जात असे. कर्सर लेखनाच्या चौकटीबाहेर असला, तर अक्षर खोडण्याऐवजी सारे पानच हातचे जाई. क्रोमने ही सोय २०१६ मध्ये काढून टाकली. ज्यांना ती हवीच होती त्यांच्यासाठी गूगलने स्वतंत्र एक्स्टेन्शन दिले. फायरफॉक्सने २०२१ मध्ये ती मूलतः बंद ठेवली. म्हणजे जे ‘वापरणाऱ्याची बेफिकिरी’ म्हणून खपत होते, ते अखेर निर्मात्यांनीच दुरुस्त केले.

मॅकिन्टॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २००० साली ‘द ह्यूमेन इंटरफेस’मध्ये एक तत्त्व मांडले होते : यंत्राने वापरणाऱ्याच्या कामाची हानी करू नये, आणि स्वस्थ बसून ती होऊही देऊ नये. त्यांचे पुत्र आझा रास्किन यांनी २००७ मध्ये त्याला पूरक विचार मांडला. इशारा देण्यापेक्षा केलेली कृती मागे घेण्याची सोय द्यावी, असा त्याचा आशय. ‘खरेच बाहेर पडायचे?’ हा प्रश्न शंभरदा विचारला की हात सवयीनेच ‘हो’ म्हणतो.

कंट्रोल-शिफ्ट-टी या कळांनी बंद झालेला टॅब परत उघडतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे. पण पान परतले म्हणजे त्यातला मजकूरही परततोच असे नाही. लांबीचे लेखन आधी वेगळ्या फाइलमध्ये करावे, हा सल्लाही व्यवहार्य आहे. तरी ही झाली स्वसंरक्षणाची साधने. त्यांच्यामुळे निर्मात्यांची जबाबदारी संपत नाही.

शॉर्टकट नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना माऊस हाताळता येत नाही त्यांच्यासाठी ते आधार आहेत, आणि दृष्टिहीन वाचक-लेखकांसाठी तर अत्यावश्यक. म्हणूनच ते नाहीसे करण्याऐवजी प्रत्येकाला आपापल्या भाषेप्रमाणे आणि हाताप्रमाणे बदलता यावेत. महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनीही परीक्षेची वा प्रबंधाची संकेतस्थळे करवून घेताना मजकूर आपोआप जतन होण्याची अट घालावी. विद्यार्थ्याच्या उत्तराचे मूल्यमापन आपण करायचे असेल, तर ते आपल्यापर्यंत पोहोचेल याची तजवीजही आपणच करायला हवी.