डेटा संपतो, की संपवला जातो?

"पोरं दिवसभर रील बघतात, म्हणून डेटा पुरत नाही." हे वाक्य घरात ऐकू येतं आणि आपल्या बैठकांतही. दोष नेहमी वापरणाऱ्याचा! पण फोन उशाशी ठेवून माणूस झोपला असताना डेटा कोण खातं, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला. जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या ज्युरीने गुगलला ३१ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितली. अँड्रॉइड फोन नुसता पडून असताना, ग्राहकाने विकत घेतलेल्या मोबाइल डेटावरून कंपनी स्वतःच्या फायद्यासाठी माहितीची ने-आण करते, हा तक्रारीचा मुद्दा होता. गुगलला निकाल मान्य नाही, कंपनीने अपील करण्याचं जाहीर केलं. पण फोन स्वस्थ पडलेला असतानाही पॅक झिजतो, ही तक्रार खुळचट नाही एवढं तरी यातून कळतं.

आपल्याकडे बहुतेकांचा पॅक रोजचा दीड-दोन जीबी. तो संपला की वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने महाडीबीटीवर जातीचा दाखला अपलोड करून दाखवा! ज्याच्या घरी वायफाय आहे त्याला ही गळती जाणवतही नाही. जो रिचार्जवर जगतो, तोच ती भरतो.

म्हणून मित्रांनो, आधी पुरावा गोळा करा. सेटिंग्जमध्ये 'डेटा वापर' उघडा. कोणत्या ॲपने किती डेटा घेतला याची यादी दिसेल. एकेका ॲपवर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये समोर वापरताना किती आणि बॅकग्राउंडला किती, असे दोन आकडे वेगळे दिसतात. रात्री झोपताना आकडे टिपा, सकाळी पुन्हा बघा. जे ॲप तुम्ही उघडलंच नाही त्याचा आकडा वाढला असेल, तर गळती तिथे आहे. त्याचा बॅकग्राउंड डेटा बंद करा. प्ले स्टोअरचं अपडेट आणि गुगल फोटोजचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद करा. डेटा सेव्हर चालू करा, मात्र मेसेजच्या ॲपला त्यातून सूट द्या, नाहीतर बैठकीचा निरोप बैठक संपल्यावर मिळेल.

कुणी म्हणेल, "ॲप फुकट वापरता, मग एवढं चालायचंच." फुकट कुठे? रिचार्जचे पैसे आपण मोजतो. शिवाय एवढी बटणं शोधून बंद करण्याचं काम आपल्याच गळ्यात का? ती मुळात बंद असावीत आणि चालू करण्याआधी कंपनीने आपल्या भाषेत सरळ विचारावं. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. वस्तीतल्या दहा फोनांचे आकडे एका वहीत उतरवा आणि ही मागणी त्या वहीसकट मांडा.