मध्यस्थी म्हणजे जमातीची बैठक नव्हे

आपल्याकडे तलाकची वेळ आली की दोनच रस्ते सुचवले जातात. मोठी माणसं म्हणतात, जमातीपुढे मिटवा. शिकलेली मंडळी म्हणतात, सरळ कोर्टात जा. मध्यस्थीचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि घेतलं तर ऐकणाऱ्याला ती जमातीची बैठकच वाटते. मी वकील नाही. पण गेल्या वर्षी माझ्या फुफूच्या मुलीबरोबर दोन्हीकडे गेले, म्हणून लिहिते आहे.

जमातीच्या बैठकीत अकरा पुरुष होते आणि बाजी आतल्या खोलीच्या दाराशी. मुलगा कुणाकडे, सामान कुणाचं, सगळं तिच्याविषयी चाललं होतं; तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. सल्ला एकच होता: खुला घे आणि मेहर सोडून दे. वेगळं व्हायचं दोघांनाही होतं, तरी मागणी तिची दाखवायची, म्हणजे मेहरचा प्रश्नच मिटला. ही युक्ती तुम्हीही पाहिली असेल.

मग ती कौटुंबिक न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्रात गेली. तिथे मध्यस्थ दोघांना एकत्र बसवतो, वेगवेगळंही बोलतो, पण निकाल देत नाही. आत बोललेलं गुप्त राहतं, पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. मलाही बाजीने सगळं सांगितलेलं नाही. कागदावर काय आलं ते मात्र मी वाचलं. मेहर तीन हप्त्यांत, तारखांसह. शाळेची फी कुणी भरायची. रमजान ईद एकीकडे, बकरी ईद दुसरीकडे. दोन बांगड्या सासूच्या कपाटात आहेत, त्या कधी परत मिळतील. इतकं बारीक कोण न्यायाधीश विचारत बसणार? तलाक मुबारातने, म्हणजे दोघांच्या संमतीने झाला आणि कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

'हे सगळं कोर्टाचं, आपल्यात नाही' असं म्हणणाऱ्यांनी सूरह निसाची ३५वी आयत पुन्हा वाचावी. नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक, असे दोन लवाद तिथे सांगितले आहेत. एका दमातला तीन तलाक २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याआधी पंधरा वर्षं, २००२ साली, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबादला आणि मग सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात सांगून ठेवलं होतं की तलाकला वाजवी कारण हवं आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. जमातीत बायकोकडचा माणूस कोण, हे तिला कधी विचारतात का?

मध्यस्थी सगळ्यांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगते. मारहाण असेल, धमक्या असतील, तर समोरासमोर बसायला सांगणं हा अन्याय आहे. तिथे पोलीस, वकील, कोर्ट. 'आपसात मिटवा' म्हणत पोलीस ठाण्यातून मुलींना परत आणणारे मध्यस्थ नव्हेत. उठून कोर्टात जाता येतं म्हणूनच मध्यस्थीच्या टेबलावर बाईच्या 'नाही'ला वजन येतं. जमातीत 'नाही' म्हटलं की माहेरच्यांची मान खाली जाते, एवढंच होतं.

खर्चाची भीती असेल तर १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. केस दाखल करण्याआधीही तिथे मध्यस्थीसाठी जाता येतं. जाताना निकाहनाम्याची प्रत, दिल्या-घेतल्या सामानाची यादी आणि मुलांच्या फीच्या पावत्या जवळ ठेवा. निकाहनामा सासरी अडकला असेल तर ज्या काझींनी निकाह लावला त्यांच्या रजिस्टरमधली नोंद आधी मागून घ्या.